निवड झाली, पैसे भरता आले नाहीत: मॉडेल विमानांच्या राष्ट्रीय संघाबद्दल थोडं बोलायचंय

हिप्परग्याचा वारा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरचा. गेली चौदा वर्षं दर रविवारी सकाळी हिप्परग्याच्या तलावापलीकडच्या माळावर पोरांना घेऊन मॉडेल विमानं उडवतो. बहुतेक फ्री फ्लाइट, म्हणजे एकदा हातातून सुटलं की त्याला रिमोट नाही, काही नाही. जे काही करायचं ते सोडायच्या आधी.

आमच्यातल्या एका मुलीबद्दल लिहितोय. नाव लिहीत नाही. अकरावीत आहे. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. ही एफ-वन-ए उडवते, म्हणजे दोरीनं ओढून वर न्यायचं ग्लायडर. दोरी ५० मीटरची, विमानाचं वजन कमीत कमी ४१० ग्रॅम. विमान वर गेलं की लगेच सोडायचं नसतं. दोरीच्या टोकाला ते घारीसारखं गोल फिरवत ठेवायचं आणि आपण खालून माळभर चालत, पळत गरम हवेचा वर जाणारा झोत शोधायचा. झोत लागला की दोरी बोटात जड होते, तिच्या भाषेत "दोरी बोलते". मग जीव तोडून पळायचं, झटका द्यायचा, आकडा सुटतो आणि विमान बाणासारखं वर. तिथून ३ मिनिटं हवेत राहिलं की त्या फेरीचे पूर्ण गुण. वेळ संपली की टायमर शेपटी उचलतो आणि विमान पिंपळाच्या पानासारखं खाली येतं.

तिचं विमान तिनं स्वतः केलंय. बाल्सा या हलक्या लाकडाच्या फासळ्या, पुढच्या कडेला कार्बनची पट्टी, वर मायलरचा पातळ प्लास्टिक पापुद्रा. डाव्या पंखाला एक ठिगळ आहे, बाभळीत अडकलं होतं तेव्हाचं. ज्वारी निघाल्यावर मोकळ्या रानात हवा कुठं उचलतेय हे ती पाचोळ्यावरून ओळखते. मला अजून तसं ओळखता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात ज्युनिअर संघाच्या निवड चाचणीत ती दुसरी आली. संघात तिघं. आम्ही पेढे वाटले. चौथ्या दिवशी फोन आला: खर्च ज्याचा त्यानं करायचा, बारा दिवसांत २ लाख ६५ हजार भरा, नाहीतर नाव पुढच्याला जाईल. चाचणीच्या पत्रकात पैशाबद्दल एक ओळ नव्हती. वडिलांचा पगार आठवड्याचा. आम्ही सगळ्यांनी मिळून ७१ हजारांपर्यंत आणलं. तेराव्या दिवशी चौथ्या नंबरचा मुलगा संघात गेला. त्या पोरावर माझा काडीचा राग नाही, तोही मेहनती आहे. पण दुसरी आलेली मुलगी घरी आणि चौथा संघात, हे मला गिळता येत नाही.

कोणत्या संस्थेनं केलं ते विचारू नका, मला भांडण काढायचं नाही. विचारायचंय ते एवढंच की दुसऱ्या देशांत हे कसं चालतं, आणि सोलापुरात बसून आपण काय करू शकतो?

---

कडक भाकरी | रविवार, रात्री १०.०५

दादा, वाचून घशात आवंढा आला. मला या खेळातलं काहीच कळत नाही, म्हणून साधा प्रश्न. देशाकडून खेळायला जाणाऱ्याला सरकार पैसे देत नाही का?

---

पन्नास मीटर | सोमवार, पहाटे २.१५

मी मूळचा साखर पेठेतला, आता कामानिमित्त जर्मनीत. इथं एका क्लबात एफ-वन-ए आणि रबरवाल्या एफ-वन-बी विमानांच्या मागं सायकल घेऊन पळायचं काम करतो. मदतनीस म्हणून दोन-तीन मोठ्या स्पर्धांना जाऊन आलोय. आधी नियम सांगतो, म्हणजे कुणाला काय विचारायचं ते स्पष्ट होईल.

हवाई खेळांची जागतिक संघटना म्हणजे एफएआय. १९०५ मध्ये स्थापन झालेली, मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. मॉडेल विमानांचं सगळं तिचा सिआम नावाचा आयोग बघतो. एफएआय प्रत्येक देशातल्या एकाच राष्ट्रीय संस्थेशी व्यवहार करते, आपल्याकडे ती एअरो क्लब ऑफ इंडिया. जागतिक अजिंक्यपद किंवा खंडाचं अजिंक्यपद असेल तर खेळाडूला स्वतः अर्ज करता येत नाही, नाव राष्ट्रीय संस्थेमार्फतच जातं. एका वर्गात एका देशाचे तीन खेळाडू. बऱ्याच वर्गांत वर एक ज्युनिअर नेता येतो, आणि ज्या कॅलेंडर वर्षात १८ पूर्ण होतात ते वर्ष संपेपर्यंत ज्युनिअर धरतात. फ्री फ्लाइटला तर ज्युनिअरांचं अजिंक्यपद वेगळंच असतं. गेल्या वेळचा जगज्जेता तिघांत बसला नाही तरी त्याच्या देशाच्या संमतीनं किताब राखायला उतरू शकतो, फक्त त्याचे गुण संघात धरत नाहीत.

आता मुद्दा. संघ कसा निवडायचा आणि त्याचा खर्च कोण करणार, या दोन्हींत एफएआय पडत नाही. ते ज्या त्या देशानं ठरवायचं. म्हणजे आपल्याकडे काही बदलायचं असेल तर लोझानची परवानगी लागत नाही.

अमेरिकेत मॉडेल विमानांची संघटना एएमए, १९३६ पासूनची. तिथं प्रत्येक प्रकाराच्या निवडीचे नियम त्या प्रकारात उडवणाऱ्यांचीच समिती ठरवते, आणि निवडीचं चक्र सुरू व्हायच्या आधी छापून देते. संघात यायची इच्छा असलेला प्रत्येक जण निवड कार्यक्रमात नाव घालतानाच शुल्क भरतो. ते पैसे संघाच्या खात्यात जातात. शेवटी निवडले जातात तिघं, पण त्यांच्या प्रवासाला हातभार लावलेला असतो हरलेल्या सगळ्यांनी. शिवाय देणग्या, शिवाय संघटनेचा वाटा. एवढं करूनही खेळाडूचा खिसा मोकळा होतोच. ब्रिटनमध्येही संघटना सभासदांच्या वर्गणीतून संघांना अनुदान देते, पण पूर्ण खर्च त्यात भागत नाही. विमान मात्र सगळीकडे ज्याचं त्याचं. चांगलं तयार एफ-वन-ए घ्यायला गेलात तर हजार युरोच्या पुढंच.

सोव्हिएत काळात गोष्ट वेगळी होती. तिथं दोसाफ नावाची सरकारी संघटना होती, पोरांची विमान मंडळं सरकारी पैशावर चालायची. तो आधार गेला, पण हात राहिले. आजही जगभरचे खेळाडू युक्रेन आणि रशियातल्या कारागिरांनी केलेली ग्लायडर घेऊन उतरतात. पोरवयात मिळालेला बाल्साचा तुकडा किती पिढ्या पुरतो ते यावरून बघा.

आणि दादा, एक सांगायचं राहिलं. संघाचे गुण म्हणजे तिघांच्या गुणांची बेरीज. एकानं कमाल केली आणि दुसरा दोन फेऱ्यांत ९० सेकंदांत खाली आला, की संघ गेला. बरोबरी झाली तर वैयक्तिक क्रमांकांची बेरीज ज्याची कमी तो देश पुढं. म्हणून दुसरीच्या जागी चौथा गेला, तर नुकसान त्या मुलीपुरतं राहत नाही. बेरीज देशाची असते.

---

जुनी एअर विंग | सोमवार, सकाळी ८.३०

मी एनसीसीच्या एअर विंगचा जुना कॅडेट, त्यामुळे राहवत नाही.

आमच्याकडे एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग. वर्षातून एकदा अखिल भारतीय वायू सैनिक शिबिर होतं, तिथं राज्याराज्यांच्या संचालनालयांचे संघ उतरतात. मी कंट्रोल लाइन उडवायचो. दोन तारांच्या टोकाला इंजिनचं विमान, आपण मध्ये उभं राहून गरगर फिरायचं. पहिला महिना जेवण पोटात राहिलं नाही. पण सांगायचं ते हे: निवड युनिटला, मग ग्रुपला, मग संचालनालयाला, अशी पायरी पायरीनं. तारखा आधी माहीत. आणि एका पैशाचा भार घरावर नाही. बाल्सा, इंजिन, इंधन, रेल्वे, जेवण, सगळं एनसीसीचं. माझ्याबरोबर शेतमजुराचा मुलगा होता आणि डॉक्टरचाही, विमान हातात आल्यावर फरक दिसत नव्हता.

अडचण एवढीच की गणवेश उतरला की हे सगळं संपतं. पुढं जागतिक स्पर्धेच्या वर्गांकडे जायला पूल नाही. किती चांगले हात तिथंच थांबले असतील, विचार केला की त्रास होतो.

---

तेलंगी पाच्छा | सोमवार, सकाळी ११.१०

मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. मी या खेळातला नाही, पण दुसऱ्या एका खेळात निवड समितीवर सहा वर्षं काढलीत. पैसे आधी मागितल्याशिवाय इलाज नसतो हो. आयोजकांचं पत्रक येतं, त्यात प्रवेश शुल्काची शेवटची तारीख असते. पैसे वेळेत गेले नाहीत तर जादा शुल्क, नाहीतर नाव बाद. आमच्याकडे दोघांनी "भरतो भरतो" म्हणत शेवटच्या आठवड्यात माघार घेतली. राखीव खेळाडूचा व्हिसा त्यानंतर होणं शक्य नव्हतं. संघ अपुरा गेला. शिव्या समितीनं खाल्ल्या.

तुमच्या मुलीवर अन्याय झाला, हे खरं. पण समितीकडे स्वतःचा निधी नसेल तर तिनं करायचं काय?

---

हिप्परग्याचा वारा | सोमवार, दुपारी १.२०

पाच्छासाहेब, राग कसला. तुमचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच माझी तक्रार पैसे मागण्याबद्दल नाही. ती चाचणीच्या नंतर मागण्याबद्दल आहे. हाच आकडा पत्रकात आठ महिने आधी असता, तर आम्ही दारोदार फिरलो असतो. चादरवाल्यांकडे गेलो असतो, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल लावला असता. आठ महिन्यांत २ लाख ६५ हजार सोलापूर देईल. बारा दिवसांत कोण देणार? ज्याच्या घरात आधीच पडलेत तोच. मग निवड विमानावर झाली की बँकेच्या पासबुकावर?

---

तेलंगी पाच्छा | सोमवार, दुपारी १.४५

हे मान्य. पूर्ण मान्य. खर्चाचा अंदाज चाचणीच्या पत्रकातच हवा, आणि राखीव खेळाडूचं नाव निकालाच्या दिवशीच जाहीर व्हायला हवं. आमच्या खेळातही पुढं आम्ही तसंच केलं.

---

हिशोबनीस | सोमवार, सायंकाळी ७.००

मी सीए आहे, त्यामुळे पैशाच्या वाटांबद्दल बोलतो.

पहिली वाट कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कशावर खर्च करायची ते अनुसूची ७ मध्ये आहे, आणि त्यात ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिंपिक आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. हा शब्द नीट वाचा. विमानाचं तिकीट काढून द्या म्हणून अर्ज केला तर तो परत येईल. ग्रामीण मुलांचं वर्षभराचं प्रशिक्षण म्हणून प्रस्ताव केला, साहित्य, मैदान, प्रशिक्षक, सराव असं मांडलं, तर बोलणं सुरू होतं. एरवी देशाबाहेरचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, पण राज्याचं राष्ट्रीय पातळीवर किंवा भारताचं आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला नियमात सूट आहे.

मात्र कंपनी "हिप्परग्याच्या माळावरची रविवारची मंडळी" यांना पैसे देऊ शकत नाही. न्यास किंवा संस्था नोंदवलेली हवी, आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी (म्हणजे देणगीदाराला करात सवलत देणारी) नोंदणी हवी, तीन वर्षांच्या कामाची नोंद हवी आणि सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. म्हणजे आज सुरू केलंत तर फळ तीन वर्षांनी. चौदा वर्षांपूर्वी नोंदणी केली असती तर, असं मनात येतं, पण ते जाऊ द्या.

दुसरी वाट ८०-जी मिळाल्यावर गावातल्या छोट्या देणगीदारांची. मला तीच जास्त पक्की वाटते. नोंदणीचे कागद मी करून देईन, फी नको.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ८.५०

मी अक्कलकोट रोडला एका शाळेत शिक्षिका आहे. पैशाचं सगळे बोलताय, मला दुसरं विचारायचंय. त्या बारा दिवसांत मुलीकडे पासपोर्ट होता का?

---

हिप्परग्याचा वारा | सोमवार, रात्री ९.१५

नव्हता, ताई. तुम्ही नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवलंत. आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. पैसे असते तरी कदाचित व्हिसा झाला नसता. यात चूक माझीही आहे. मी पोरांना पंखाचा कोन शिकवला, कागद शिकवले नाहीत.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री ९.३०

मग हे काम माझं. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या मुलामुलींचे दाखले आणि आधार मी तपासून देते. पासपोर्ट आत्ताच काढून ठेवायचे, निवड होवो न होवो. आणि मुलगी जाणार असेल तर सोबत कोण, राहायचं कुठं, हे तिच्या आईला समोर बसून कुणीतरी सांगायला हवं. नुसत्या फोनवर आई हो म्हणत नाही, आणि तिनं म्हणूही नये.

---

पन्नास मीटर | मंगळवार, पहाटे १.५०

ताई, फार मोलाचं बोललात. संघासोबत संघ व्यवस्थापक असतो, आणि ते पद शोभेचं नाही. वादाच्या किंवा हरकतीच्या बाबतीत आयोजकांशी आणि ज्युरीशी बोलायचा अधिकार फक्त त्याचा. खेळाडू स्वतः जाऊन भांडू शकत नाही. म्हणून निवडीत व्यवस्थापकाचं नावही खेळाडूंनी सुचवावं असं मला वाटतं. नियमांचं पुस्तक पाठ असलेला, पहाटे चारला उठणारा आणि मुलांना वेळेवर पाणी पाजणारा माणूस हवा.

खर्चाचं एक कलम कुणी धरत नाही, ते पेटीचं. नेहमीच्या सामानाची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. पंखाचे तुकडे होतात, पण एफ-वन-ए ची पेटी त्यात क्वचितच बसते. मोठ्या आकाराचं शुल्क जाताना आणि येताना दोन्ही वेळा. रेडिओवाल्यांना, म्हणजे रिमोटवर उडवणाऱ्यांना, बॅटऱ्यांची अडचण वेगळी: लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच, आणि १०० वॉट-तासांच्या वरची असेल तर विमान कंपनीची परवानगी.

आता मुलीसाठी. अजिंक्यपदाला संघ लागतो, पण एफएआयची विश्वचषक मालिका वेगळी. ती वर्षभर वेगवेगळ्या देशांत होणाऱ्या खुल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मिळून असते. तिथं निवड नाही. राष्ट्रीय संस्थेकडून एफएआयचा खेळ परवाना काढायचा आणि स्वतःच्या नावानं उतरायचं. अशा एका स्पर्धेतले गुण हातात असले की पुढच्या निवडीत कुणाला नाव बाजूला सारणं सोपं जात नाही. ती माझ्याकडच्या स्पर्धेला येणार असेल तर राहणं, जेवण आणि पेटीचं शुल्क माझ्याकडे. हे मी बायकोला विचारून लिहितोय.

---

कडक भाकरी | मंगळवार, सकाळी ९.२०

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, सरकारची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. माझं टॉवेलचं छोटं दुकान आहे. वर्षाला ५ हजार लिहून ठेवा, पावती नसली तरी चालेल.

एक शंका. होटगी रोडचं विमानतळ आता सुरू झालंय. विमानांना आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर होतो. आता तुम्हाला उडवायला अडचण येत नाही का?

---

हिप्परग्याचा वारा | मंगळवार, रात्री ९.००

भाकरीसाहेब, पावती मिळेल. तुमचं नाव वहीत पहिलं.

विमानतळाचं विचारलंत ते बरं केलं. आमची रेडिओवाली पोरं आधी होटगीच्या बाजूलाही जायची. २०२५ च्या जूनमध्ये गोव्याची सेवा सुरू झाली, तेव्हा ते मी पूर्ण बंद केलं. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे शिक्षणासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं २५ किलोपर्यंतचं मॉडेल वेगळं धरलंय, पण म्हणून कुठंही उडवा असं नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या आतच राहायचं, त्याच्या अलीकडे तर परवानगीशिवाय नाहीच. नकाशा बघितल्याशिवाय रिमोट हातात घ्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा.

आता बाकीचं. आज संध्याकाळी माळावरचे आम्ही अकरा जण बसलो होतो. तिचे वडीलही आले होते, पाळी बदलून. ठरलं ते असं. संस्था नोंदवायची, हिशोबनीस साहेब कागद करणार. उडवायला येणारा प्रत्येक मोठा माणूस रविवारी ५० रुपये डब्यात टाकणार आणि दर महिन्याचा हिशोब इथं याच धाग्यावर येणार, पै न पै. आधी जमवलेले ७१ हजार परत करायला निघालो होतो, देणाऱ्यांपैकी एकानंही परत घेतले नाहीत. ते तसेच वेगळे ठेवलेत, पुढच्या चाचणीत जो कुणी निवडला जाईल त्याच्यासाठी. मुलगी असो, मुलगा असो, आमचा असो की बार्शीचा.

ज्यांनी चाचणी घेतली त्यांनाही पत्र लिहिलंय. भांडण नाही, विनंती. खर्चाचा अंदाज चाचणीच्या पत्रकात छापा, प्रत्येक फेरीचे गुण त्याच दिवशी फळ्यावर लावा, राखीव खेळाडू तेव्हाच जाहीर करा, आणि चाचणी एकाऐवजी दोन ठिकाणी दोन वेळा घ्या, म्हणजे एका सकाळच्या वाऱ्यावर कुणाचं वर्ष ठरणार नाही. प्रवेश शुल्कातून संघासाठी निधी बाजूला काढायची अमेरिकेची पद्धतही लिहिलीय. पाच्छासाहेब, मसुदा तुम्हाला पाठवतो, समितीच्या नजरेनं वाचून द्या.

तिला काल विचारलं, दोरी हातात घ्यायचं मन आहे का अजून? ती काही बोलली नाही. आज बैठकीला आली ती पिशवीत डाव्या पंखाच्या नव्या फासळ्या घेऊन. २६ फासळ्या, एकावर एक रचून पॉलिश पेपरनं घासलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या.

---

तेलंगी पाच्छा | मंगळवार, रात्री ९.२५

मसुदा पाठवा, उद्याच वाचतो. आणि रविवारी मी माळावर येऊ का? उडवता येत नाही, पण वेळ मोजता येते. स्टॉपवॉच आहे माझ्याकडे.

---

हिप्परग्याचा वारा | मंगळवार, रात्री ९.३०

या की हो! एका उड्डाणाला वेळ मोजणारे दोघं लागतात, आणि आमच्याकडे दुसरा कायम कमी असतो. सहाला या, ऊन चढायच्या आत. दुर्बीण असली तर तीही आणा, ३ मिनिटांत विमान पार ठिपका होतं.